धुतलेला शर्ट घेऊन तातापानीला

आमची आई नवस बोलण्याआधी कुणाला विचारत नाही. बोलते ती आणि फेडायला लागतो दुसऱ्याला. या खेपेला पाळी माझी होती.

रायपूरला गुढियारीत आमच्या शेजारी उत्तरेच्या सरगुजाकडची एक बाई राहते. तिने आईला सांगितलं की तातापानीच्या गरम कुंडावर आजारी माणसाचं अंगावरचं कापड नेऊन सोडलं की दुखणं तिथेच राहतं. अट एकच, शेवटचे तीन दिवस पायी जायचं. झालं! त्या संध्याकाळी मी ऑफिसातून येतो तर आई दारातच उभी.

"नील्याचा शर्ट घेऊन तू जाशील. तुले देवानं दोन पाय धड देले आहेत."



नीलेश माझा धाकटा भाऊ. दीड वर्षापूर्वी नवा रायपूरच्या रस्त्यावर तो माझ्या मोटारसायकलवरून पडला. चालवत मी होतो. मला खरचटलंसुद्धा नाही आणि त्याच्या उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. गुडघा आता वाकत नाही. त्याची नोकरी फिरतीची होती, ती गेली. दिवसभर पुढच्या खोलीतल्या दिवाणावर बसून असतो. आमच्याशी पूर्वीपासूनच हिंदीत बोलतो, पण आता "हव" म्हणजे हो, आणि "ठीक है" एवढंच उरलं आहे.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की तेव्हा गाडीसमोर गाय आली. गाय आली नव्हती. भर दुपारी त्या रुंद रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि मी मोबाईलवर मेसेज वाचत होतो. गाडी दुभाजकाला घासली. पहिली जी कार थांबली, तिच्यातल्या माणसाला मी म्हटलं, "गाय आली एकदम." मग दवाखान्यात तेच आणि आईला तेच. वर तपशील घातला, पांढरी होती, डावं शिंग वाकडं होतं. ते वाकडं शिंग मी कुठून आणलं, देव जाणे. दीड वर्ष मी ती गाय सांभाळतो आहे.

म्हणून मी आईशी वाद न घालता निघालो. गुडघे कुंडात बरे होतात यावर माझा विश्वास नाही. पण पायपीट मला पाहिजे होती.

सोबत प्रकाश भाऊजी, माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. रेल्वेत आहेत, रजा भरपूर शिल्लक आणि तोंडाला विश्रांती नाही. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो, रायपूरहून अंबिकापूरला रेल्वे आहे, संध्याकाळी बसलं की सकाळी उतरता येतं. पांघरूण स्वतःचं न्या. संक्रांतीला तातापानीला मोठा मेळा भरतो. गर्दी नको म्हणून आम्ही डिसेंबरच्या शेवटी गेलो. अंबिकापूरला स्टेशनबाहेर गरम धुसके खाल्ले (तांदूळ-डाळीचे तळलेले वडे, सोबत बटाट्याची रस्सेदार भाजी) आणि बसने राजपूरला गेलो. तिथून तातापानी पन्नासेक किलोमीटर. तिथून आमचे पाय.

निघताना आईने शर्ट दिला तो वर्तमानपत्रात गुंडाळून. निळ्या चौकड्यांचा, नीलेश घरात रोज घालतो तो. मी उघडून पाहिला तर धुऊन, नीळ देऊन, कडक इस्त्री केलेला.

"देवाच्या दारी मळका कसा न्यायचा?" आई म्हणाली होती.

पहिला दिवस वीस किलोमीटरांचा. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंनी सालाचं जंगल. दर थोड्या अंतराने फलक, पुढे हत्तींचा वावर आहे, सावध राहा. त्यामुळे एक नियम आम्ही पाळला आणि तुम्हीही पाळा. सकाळी आठच्या आधी निघायचं नाही आणि चारच्या पुढे चालायचं नाही. पण त्या दिवशी धुकं दहा वाजले तरी उठलं नव्हतं. पुढे चालणारे भाऊजी दिसायचे नाहीत, फक्त त्यांचं बोलणं ऐकू यायचं. आणि तेही मध्येच थांबायचं, तेव्हा मला मागून घंटेचा आवाज यायचा.

गुराच्या गळ्यातली लाकडी घंटा, टोक टोक. आम्ही थांबलो की थांबायची. मी दोनदा वळून पाहिलं, काही दिसलं नाही. गावाजवळचा रस्ता, गुरं असणारच. मी स्वतःला असं समजावलं आणि पावलं जरा जास्तच झपाझप टाकली.

अकराच्या सुमारास एका टपरीवर चहा घेतला. चहावाली गॅसवर दूध चढवत होती. ती आमच्या पाठीमागे बघत म्हणाली, "गाय आपकी है क्या भैया?"

धुक्यातून ती हळूहळू बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पांढरी. डावं शिंग कानाच्या बाजूला वाकलेलं.

माझ्या हातातला कप कलला आणि चहा बुटावर सांडला. भाऊजी खदखदून हसले. "अबे, गाय पाह्यली नाही काय कधी? दूध काय पाकिटातच तयार होते काय?"

"हमारी नहीं है," मी कसाबसा म्हणालो.

"हमारे गाँव की भी नहीं है," चहावाली म्हणाली. "आपके पीछे आई तो पूछ लिया."

अशा शिंगाच्या गायी ढिगाने असतात हे मलाही कळतं. तरी मी तो चहा पुरा केला नाही. पुढे दिवसभर धुकं नव्हतं, गायही नव्हती. आईच्या तिखट पुऱ्या एका पुलावर बसून खाल्ल्या. ढाब्यामागे खोली मिळाली, दोघांचे चारशे, जेवण धरून. वरण, भात आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. भाऊजींनी तीनदा भात घेतला. मी लवकर पडलो, पण झोप लागेना, आणि भाऊजी घोरायला लागल्यावर तर विषयच संपला.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून अशी थंडी की बोटांना बुटाची नाडी बांधता येईना. रात्री बाहेर दोरीवर टाकलेले माझे दोन्ही शर्ट दवाने ओलसर झाले होते. पिशवीत कोरडं कापड एकच होतं. मी वर्तमानपत्र उलगडलं आणि नीलेशचा शर्ट स्वेटरखाली घातला. तेवढ्यात काय बिघडतं? मी माझ्याहून बारीक असलेल्या भावाच्या शर्टाची बटणं ओढून लावली आणि निघालो.

दहा वाजता भाऊजी थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"काहून लंगडून राहिला बे?"

"मी? कुठं?"

"चालून दाखव बरं."

मी चाललो. उजवा पाय सरळ राहत होता. गुडघा दुखत नव्हता, फक्त वाकत नव्हता, आणि पाऊल बाहेरून अर्धगोल फिरून पुढे पडत होतं. मला हे कळलंच नव्हतं. ही चाल मी दीड वर्ष रोज पाहतो. दिवाणापासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून दिवाणापर्यंत.

"अगदी नील्यावाणी," भाऊजी म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी पुढे काही विनोद केला नाही.

डांबरी रस्त्यावर वीस किलोमीटर चालल्यावर ज्याला सवय नाही त्याचा गुडघा धरतोच. नवे बूट घालून निघू नका, मलम आणि क्रेप बँडेज जवळ ठेवा. हे सगळं मी भाऊजींना सांगितलं. बँडेज बांधलं. भाऊजींनी औषधाची गोळी दिली, तीही घेतली. पाय तसाच. पुढे एका वस्तीत अंगणात ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्याने आवाज दिला, "गोड़ में का हो गे बाबू?" म्हणजे पायाला काय झालं. मी म्हटलं, चालून चालून दुखतोय. तो मान हलवत म्हणाला, "नहीं. ये पुराना है."

भाऊजींनी मला दंडाला धरून पुढे नेलं. थोड्या अंतरावर गेल्यावर म्हाताऱ्याचा आवाज पुन्हा आला, "तोर गाय पीछे रह गे!" तुझी गाय मागे राहिली. मी वळलो नाही. वळणार होतो, खरं सांगतो, पण मान फिरेना. मी भित्रा माणूस नाही, ऑफिसात माझी ख्याती भांडकुदळ अशी आहे. पण त्या वीस किलोमीटरांत मी मनातल्या मनात रामरक्षा म्हटली, आणि जिथे विसरलो तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

बलरामपूरला लॉजवर सहाशे रुपयांत गरम पाण्याची बादली मिळाली. मी शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. इस्त्री मोडली होती आणि काखेत घामाचे पांढरे डाग आले होते. शर्ट काढल्यावर पाय सुधारतो का ते मी दार लावून, दोन भिंतींमध्ये चालून पाहिलं. नाही सुधारला. सकाळी पुन्हा तोच घातला, कारण तोच कोरडा होता. भाऊजींना मी तरी तसंच सांगितलं.

तिसरा दिवस छोटा, बारा-तेरा किलोमीटरांचा, पण मला पाच तास लागले. तातापानी लांबूनच कळतं. सपाट माळावर जमिनीतून वाफ उठत असते आणि हवेला जळलेल्या आगकाडीचा वास येतो. सीतामाईच्या हातातलं कढत तेल इथे सांडलं आणि जिथे जिथे थेंब पडला तिथे तिथे पाणी उकळत वर आलं, अशी कथा इथे सांगतात. काही कुंडांत हात घालता येत नाही. लोक फडक्यात तांदूळ आणि बटाटे बांधून दोरीने आत सोडतात आणि शिजलं की ओढून काढतात. अंघोळीला वेगळी टाकी आहे, तिथे पाणी सोसवेल इतकंच गरम असतं. मेळ्याआधीचे दिवस, माणसं तुरळक. थंडीत वाफ इतकी दाट की देवळाचा खालचा भाग दिसत नव्हता, कळस तेवढा वर.

कापडं सोडायची जागा कुणाला विचारावी लागली नाही. कुंडांपलीकडे करवंदीसारखी खुरटी झुडपं होती आणि त्यांच्यावर कपडेच कपडे. साड्या, बनियन, लहान मुलांचे झबले. खालून वाफ आली की ते कपडे फुगायचे, एखादी बाही हळूच वर उचलली जायची आणि पुन्हा खाली पडायची. मी पाहत उभा राहिलो. भाऊजी म्हणाले, "लवकर आटप बाबा. मले इथं बरं वाटून नाही राहिलं."

तांदळाची फडकी बांधून देणारी एक म्हातारी तिथे बसली होती. तिला सगळे दाई, म्हणजे आई, म्हणत होते. मी स्वेटर उतरवला, शर्ट काढला आणि घडी घालून तिच्यापुढे धरला. तिने तो नाकाजवळ नेला. इतक्या सहज, जसं आपण दूध नासलं का ते पाहतो.

"किसका है?"

"भाई का. उसका घुटना..."

"भाई का कहाँ है? धुल गया है ये." तिने पुन्हा वास घेतला. "इसमें भाई कहीं नहीं है. इसमें तू है."

 आईचा साबण, आईची नीळ, आईची इस्त्री माझ्या डोळ्यांपुढून गेली. आमच्यासारख्या घरचीच माणसं दुखणंसुद्धा धुऊन, घडी करून पाठवतील.

"छोड़ना है तो छोड़ दे," ती म्हणाली. "तेरा पाँव यहीं ठीक हो जाएगा. उसका तो घर में बैठा है."

खरं सांगतो, मी क्षणभर विचार केला. आठ पावलांवर झुडूप होतं. शर्ट टाकायचा, टाकीत डुबकी मारायची आणि दोन धड पायांनी बस पकडायची. आईला म्हणायचं, सोडून आलो. एक खोटं पचलं होतं, दुसरंही पचलं असतं.

"हुआ कैसे था?" तिने विचारलं. प्रत्येकाला विचारत असणार. तिचे हात फडक्याची गाठ मारत होते.

"गाय आ गई थी," मी म्हटलं. तोंडात बसलेलं वाक्य होतं ते. "रोड पे, अचानक."

दाईने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे. लाकडी घंटा एकदाच वाजली. टोक.

"यही वाली?" तिने विचारलं.

मी वळलो. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. वाफेत पाय दिसत नव्हते, फक्त पांढरी मान, ओलं नाक आणि ते वाकडं शिंग. तिचा श्वास माझ्या उघड्या दंडाला लागला, गरम. ती माझ्याकडे कुठल्याही गायीने पाहावं तसंच पाहत होती. तेच मला सहन होईना.

"नहीं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "नहीं. गाय नहीं थी. कोई गाय नहीं थी. मैं फोन देख रहा था."

दाई "हव" म्हणाली आणि गाठ आवळली. तिने शर्ट परत माझ्या हातात दिला आणि तांदळाचं गाठोडं पाण्यात सोडलं. गाय वळली, माळावर जरा पुढे जाऊन सुकं गवत खाऊ लागली. तिथे आणखीही चार-पाच गुरं होती. ती त्यांच्यात मिसळली आणि मला मग ती ओळखता येईना.

भाऊजींनी सगळं ऐकलं होतं. मी अंघोळ केली, त्यांनी केली नाही. दाईकडचा गरम भात आणि बटाटे मीठ-मिरचीबरोबर खाल्ले. तो भात चवीला फार चांगला लागतो, चुकवू नका. येताना बसमध्ये भाऊजी तासभर काही बोलले नाहीत, आणि हे लिहिताना मला अजून त्यांच्या त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटते. अंबिकापूर जवळ आल्यावर म्हणाले, "मी कोणाले सांगणार नाही. तुया बहिणीलेही नाही. पण तू सांग. नाहीतर असाच फिरशील एक पाय ओढत."

रायपूरला सकाळी उतरलो. स्टेशनवरून गुढियारी चालत जाण्याइतकं जवळ, पण मी ऑटो केली. पायऱ्या चढताना कठडा धरावा लागला.

नीलेश दिवाणावर बसला होता. त्याने आधी माझ्या पायाकडे पाहिलं.

"दादा, पैर को क्या हुआ?"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "सोडला काय रे शर्ट?"

मी शर्ट पिशवीतून काढून दिवाणावर ठेवला. चुरगळलेला, घामाचा वास येणारा. बसलो नाही, बसलो असतो तर बोललो नसतो. मी नीलेशकडे बघून म्हटलं, "गाय नव्हती रे. त्या दिवशी. मी मोबाईल पाहत होतो. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

आईचा हात पदरातच राहिला. 

"मालूम है," नीलेश म्हणाला.

"काय मालूम आहे?"

"पीछे कौन बैठा था? मैं ही था ना. तेरे कंधे के ऊपर से फोन दिख रहा था मुझे."

आई एकदम पुढे आली. "पण नील्या, दवाखान्यात मी तुले विचारलं तर तूच म्हणे गाय आली! दादा तर तवा बाहेर फॉर्म भरत होता!"

नीलेशने शर्ट उचलला, उगाच त्याची कॉलर सारखी केली. मला वाटायचं त्या दिवशी रस्त्यावर तो बेशुद्ध होता. डोळे मिटलेले होते त्याचे.

"दादा ने कार वाले को बोला, गाय आई," तो म्हणाला. "मैं नीचे पड़ा सुन रहा था. तो मैंने भी वही बोल दिया."